नेमाची वही

नाशिकच्या रामकुंडावर कुठलंही कार्य सुरू करायचं तर गुरुजी आधी संकल्प सोडायला लावतात. तळहातावर पाणी घ्यायचं, अक्षता घ्यायच्या, आणि मग एका दमात तो लांबलचक मजकूर: शके अमुक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग स्थळ. नुसतं गोदावरी म्हणून भागत नाही. दक्षिणे तीरे की उत्तरे तीरे, तेही सांगावं लागतं. पुढे करणाऱ्याचं नाव आणि गोत्र. काय हवंय ते अगदी शेवटी, आणि त्याच्याही मागे एकच क्रियापद, करिष्ये. पाणी ताम्हनात पडतं.

आता जिममध्ये नाव घालताना भरायचा फॉर्म बघा. ‘ध्येय’ या रकान्यात दहातले आठ जण ‘वजन कमी करणे’ लिहितात. कधी, कुठे, कोणत्या वारी, कशानंतर, काही नाही. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली मांडलेला एक मुद्दा आता सगळ्या ट्रेनर मंडळींना पाठ असतो: ‘मी व्यायाम करीन’ या इराद्यापेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक झालं की मी अमुक करीन’ असं ठरवलेलं हातून जास्त वेळा घडतं. पंचवटीतल्या एखाद्या गुरुजींना हे वाचून दाखवलं तर ते म्हणतील, मग आम्ही इतकी वर्षं काय सांगतोय?

श्रद्धा आणि व्यायाम यांचं नातं शोधायचं तर ते इथे आहे, रॅकशेजारी लावलेल्या मारुतीच्या तसबिरीत कमी. (तसबीर जरूर असावी. बंद एसी खोलीत उदबत्तीचा पुडा मात्र पेटवू नये; तिथे माणसं जोरजोरात श्वास घेत असतात.)

मराठीत देवाशी बोलायच्या दोन रीती आहेत, नवस आणि नेम. नवसात व्यवहार असतो: माझं काम कर, मी तुझं फेडीन. नेमात मागणं नसतं. रोज संध्याकाळी दिवा लावायचा तर लावायचा. त्या दिवशी देवाने काय दिलं याचा हिशोब दिव्याशी जोडत नाहीत. बारा आठवड्यांत कायापालट, लग्नाआधी दहा किलो, ही सगळी पॅकेजं नवसाच्या जातीची. दहा किलो उतरले की नवस फिटला, माणूस जिममधून गायब. नाही उतरले तर देवावर राग, इथे देव म्हणजे ट्रेनर. दोन्हीकडून व्यायाम बंदच पडतो. दिवाळीनंतर आणि जानेवारीत गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या जिममध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि होळीपर्यंत ट्रेडमिल रिकामे फिरतात, ते याच कारणाने. त्या लोकांना आळशी म्हणणं सोपं आहे. त्यांनी नवस केला होता, नेम धरला नव्हता, इतकंच.

नेम कसा लिहायचा ते आधी सांगतो. वही साधी, शंभर पानी. पहिल्या पानावर एक वाक्य, संकल्पाच्या धर्तीवर: ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळचा चहा झाल्यावर, स्वयंपाकघरात, दहा मिनिटं.’ दहाच मिनिटं वाचून लोकांना अपमान झाल्यासारखं वाटतं. पण नेमाचं माप आपल्या चांगल्या दिवसावरून काढायचं नसतं, वाईट दिवसावरून काढायचं असतं. पाहुणे आलेत, झोप पाच तासच झाली, डोकं ठणकतंय, अशा दिवशीही जे होईल तेवढाच नेम. त्या दहा मिनिटांत १० बैठका, स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेवर हात टेकवून ८ जोर, आणि एक हात खुर्चीवर टेकवून वाकून, दुसऱ्या हाताने अर्धी भरलेली बादली कमरेपर्यंत ओढणं, दोन्ही बाजूंनी १०-१०. हा फेरा दोनदा. अंगात जोर असेल त्या दिवशी पुढे हवं तेवढं करा, पण वहीत खूण पडते ती या दहा मिनिटांची.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीत काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचं घड्याळच दर आठवड्याला फिरतं, म्हणून ‘सकाळी सहा’ हा नेम त्यांच्यासाठी पहिल्या नाइटलाच मोडतो. त्यांनी वेळ लिहू नये, घटना लिहावी: ‘कामावरून येऊन बूट काढले की, अंघोळीआधी.’ बूट तर रोज काढावेच लागतात. नाइटच्या आठवड्यात फक्त किमान नेम, आणि जड वजनं फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात. अपुऱ्या झोपेवर जड स्क्वॉट मारून पाठ धरलेल्यांना हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

किती दिवसांत अंगवळणी पडतं? बाजारात २१ दिवसांचा आकडा फिरतो. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात, एखादी गोष्ट आपसूक व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, आणि कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. व्यायामासारखी गोष्ट पाणी पिण्यापेक्षा उशिरा रुजते. त्याच अभ्यासात आणखी एक बारीक गोष्ट दिसली, की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. आपल्याकडे आजीचा चातुर्मासाचा नेम आषाढी ते कार्तिकी, म्हणजे सुमारे १२० दिवसांचा. ६६ पेक्षा भरपूर जास्त. आणि त्यात सुटीची सोय आधीपासून असते. सूतक आलं, आजारपण आलं, तर नेम थांबतो, मोडत नाही. व्यायामाच्या वहीतही मागच्या पानावर सुटीचे नियम आधीच लिहून ठेवावेत. नुसती सर्दी, नाक गळतंय, तर हलका व्यायाम चालतो. ताप, अंगदुखी, छातीत भरलेला खोकला, तर पूर्ण सुटी, आणि परतल्यावर पहिले दोन-तीन दिवस निम्माच व्यायाम. बाकी कोणत्याही कारणाने चुकला तर एकच अट: लागोपाठ दोनदा चुकवायचं नाही. चुकलेल्याची भरपाई म्हणून दुप्पट व्यायाम तर मुळीच नको. शरीराला प्रायश्चित्त कळत नाही, त्याला फक्त भार कळतो.

नाशिकमध्ये नेमाची गोष्ट निघाली की माणसं टाकळीचं नाव घेतात. नंदिनी, म्हणजे आपली नासर्डी, गोदावरीला मिळते तिथे समर्थ रामदासांनी बारा वर्षं तपश्चर्या केली आणि ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत, अशी परंपरा सांगते. आकडा ऐकून तरुण मुलं पेटतात आणि रथसप्तमीला थेट १०८ घालायला उभी राहतात. समर्थांच्या आकड्याकडे बघताना बारा वर्षांकडे कोणी बघत नाही.

१०८ नमस्कार म्हणजे नक्की काय, जरा मोजून बघू. एका नमस्कारात दोनदा कंबरेतून वाकायचं, म्हणजे २१६ वेळा. एकदा कोपरं वाकवून छाती जमिनीकडे न्यायची, म्हणजे १०८ अर्धे जोर. मनगटावर भार येतो तो वेगळाच. ज्याने वर्षभरात दहा जोर मारले नाहीत तो हे तासाभरात करतो आणि तिसऱ्या दिवशी त्याला मनगट वळवून दुचाकीचा कान पिळता येत नाही. स्नायू चार-सहा आठवड्यांत बऱ्यापैकी तयार होतात, पण स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, हळू तयार होतात. दम आहे, ताकदही आलीय, तरी कोपर-मनगट-खांदा कुरकुरतो तो याच दरीमुळे.

कार्तिकी एकादशी ते रथसप्तमी हे अंतर साधारण ८५ दिवसांचं, म्हणजे बारा आठवडे आणि वर एखादा दिवस. कार्तिकीला १२ नमस्कारांनी सुरुवात करा. आठवड्यातून चार दिवस. दर आठवड्याला ८ वाढवा. बारा आठवड्यांनी आकडा बरोबर १०८ वर येतो. बारा-बाराचे संच पाडायचे, दोन संचांत मिनिटभर उभं राहायचं. एका नमस्काराला २५ ते ३० सेकंद द्या, म्हणजे १०८ ला विश्रांतीसकट तास जाईल. पाऊण तासाच्या आत झाले तर समजा, घाई झालीय आणि तळाचं काम ढिलं पडलंय. मनगट दुखलं तर त्या आठवड्याचा आकडा वाढवू नका, हाताखाली पाचरीसारखी घडी घातलेली सतरंजी ठेवा, म्हणजे मनगटाचा कोन कमी होतो.

आता तळाच्या कामाकडे जरा जवळून बघू, कारण नमस्कार बिघडतो तो तिथेच. दंडस्थितीतून साष्टांगाकडे जाताना बहुतेकांचं पोट आधी खाली सुटतं. पाठीची झोळी होते, मग छाती धपकन येते. खरा क्रम असा: टाचा मागे ढकललेल्या, नितंब आवळलेले, बेंबी आत. कोपरं बाहेर पंखांसारखी न फाकवता बरगड्यांच्या जवळून मागे जाणारी. तीन मोजत खाली. गुडघे, छाती, कपाळ टेकतं. पोट टेकत नाही. हात, पाय, गुडघे, छाती, कपाळ मिळून आठ अंगं झाली, पोटाचा त्यात नंबरच नाही. जुन्या लोकांनी हे उगाच मोजून ठेवलेलं नाही. तीन मोजत उतरता येत नसेल तर गुडघे आधी टेकवून मग छाती उतरवा, लाज बाळगू नका. भुजंगात बघायचं ते खांद्यांकडे: कानाला चिकटलेले खांदे म्हणजे मान आखडणार. छाती पुढे खेचल्यासारखी वर यावी. कंबर मोडून डोकं आभाळाकडे नेणं म्हणजे भुजंग नव्हे. अश्वसंचालनात पुढचा पाय दोन हातांच्या मध्ये पोहोचत नसेल तर सरळ हाताने घोटा धरून पुढे आणावा. सुटलेलं पोट आणि आखडलेली जांघ यांच्याशी तिथे भांडण करण्यात अर्थ नाही.

आणि एक, डिसेंबरातल्या पहाटेचं. निफाडकडून येणारा तो गारठा सगळ्यांच्या ओळखीचा. उठल्याउठल्या पाय ताठ ठेवून पादहस्तासनात जाऊ नका. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि पहिल्या तासाभरात वाकताना त्यांच्यावर ताण जास्त येतो. आधी दहा मिनिटं चाला, मग पहिले सहा नमस्कार गुडघे थोडे वाकवून घाला.

एवढं सांगून झाल्यावर नमस्काराची एक उणीव सांगितली पाहिजे, जी भक्तिभावापोटी कोणी सांगत नाही. सूर्यनमस्कारात ढकलणं आहे, वाकणं आहे, ताणणं आहे, ओढणं नाही. पाठीचा वरचा भाग, दंडाची पुढची बाजू, पकड, यांना तिथे जवळजवळ काम नसतं. वर्षानुवर्षं फक्त नमस्कार घालणाऱ्यांचे खांदे पुढे झुकलेले दिसतात ते त्यामुळे. दिवसभर लॅपटॉपपुढे बसणाऱ्यांच्या बाबतीत तर दुखण्यात भर.

गंमत म्हणजे ही उणीव भरून काढणारी विद्या आपल्याच जिल्ह्यातल्या एका गडाशी जोडलेली आहे. मल्लखांबाचे आद्य प्रवर्तक बाळंभटदादा देवधर दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळातले. आख्यायिका अशी, की निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब हे दोन मल्ल पुण्यात आले, दरबारात आव्हान दिलं, कोणी पुढे येईना. बाळंभटदादांनी आव्हान स्वीकारलं, पण मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगीला जाऊन बसले. तिथे देवीच्या कृपेने मारुतीने त्यांना लाकडी खांबावरचे डाव दाखवले, आणि परत येऊन त्यांनी अलीला चीत केलं. गुलाब मग लढलाच नाही. ही कथा सांगताना सगळा भर साक्षात्कारावर पडतो. ट्रेनरचं लक्ष मात्र दुसऱ्याच शब्दावर जातं: मुदत. श्रद्धा होती म्हणून माणूस त्याच दिवशी आखाड्यात उतरला नाही. तयारीला वेळ मागून घेण्याइतकी अक्कल त्या श्रद्धेत होती.

मल्लखांब म्हणजे तळापासून बोंडापर्यंत ओढणं, आवळणं आणि पकड. एरंडेल चोळलेला गुळगुळीत सागवानी खांब मांडीत धरून ठेवायचा तर अंगातला एकही स्नायू सुटी घेऊ शकत नाही. चाळिशीत मल्लखांबावर चढा असं सांगण्याचा हेतू नाही. बागेतल्या आडव्या बारला लटका: आधी १० सेकंद, तीनदा, दोन महिन्यांत ३० सेकंदांपर्यंत. पूर्ण लटकणं झेपत नसेल तर पायाची बोटं जमिनीला टेकलेली चालतील. आणि नमस्कारांच्या दर दोन संचांमागे बादली ओढण्याचा एक संच. १० लिटर पाणी म्हणजे १० किलो, माप आयतं घरात आहे.

जिममध्ये जाणाऱ्यांसाठी वाढीचा नियम वहीत एका ओळीत मावतो. एक वजन धरा, ८-८ चे तीन संच करा. तिन्ही संचांत १० व्हायला लागले की अडीच किलो वाढवा आणि पुन्हा ८ वर या. प्रत्येक संचात आणखी दोनदा उचलता येईल एवढा जोर अंगात शिल्लक ठेवून थांबा. दोन जड संचांमध्ये दोन मिनिटं विश्रांती हवी, आणि ही दोन मिनिटं मोबाइल खाऊन टाकतो: दोनाची सहा होतात, अंग थंड पडतं. त्यावर एक उपाय फुकट आहे. सेकंदाला एक या गतीने १०८ मण्यांची माळ ओढली तर पावणेदोन मिनिटं होतात. नाम कोणतंही घ्या, किंवा नुसते मणी मोजा. श्वास आपोआप लांबतो, नाडी खाली येते आणि वेळही मोजला जातो.

आता पायऱ्या. नाशिककराचा व्यायाम आणि भक्ती यांची गाठ पडते ती पायऱ्यांवर. पांडवलेण्याच्या दोनशेच्या आसपास, सप्तशृंगगडावर गावातून देवळापर्यंत पाचशेच्या आसपास. गडावर आता फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, पण नवरात्रात पायऱ्यांनीच जायचं असं अनेकांच्या मनात असतं. चढताना दम लागतो म्हणून लोक चढणीला घाबरतात. दुखापत करते ती उतरण. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू लांब होत होत अंगाचं वजन धरून ठेवतो, ब्रेक दाबून गाडी घाटातून उतरवावी तसा. प्रत्येक पायरीला गुडघ्याच्या वाटीमागे शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त दाब येतो. म्हणून दर्शन झालं, घरी आलो, झोपलो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमोडवर बसताना आई आठवते. हे दुखणं २४ ते ७२ तासांत चढतं आणि उतरतं. त्याला औषध लागत नाही. गुडघ्याच्या आत एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल, तर ते निराळं. तिथे हाडांचे डॉक्टर.

तयारी घटस्थापनेच्या सहा आठवडे आधी, म्हणजे साधारण श्रावणाच्या उत्तरार्धात सुरू करावी. घरातल्या १५ सेंटीमीटर उंचीच्या पायरीवर एका पायाने उभं राहा, दुसऱ्या पायाची टाच तीन मोजत खाली न्या, जमिनीला नुसता स्पर्श, परत वर. प्रत्येक पायाने ८, असे दोन संच, आठवड्यातून तीनदा. आरसा समोर ठेवा आणि गुडघ्याकडे बघा. तो आतल्या बाजूला, दुसऱ्या गुडघ्याकडे पडत असेल तर चूक. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. तिसऱ्या आठवड्यापासून रविवारी पांडवलेणी एकदा, पाचव्यापासून दोनदा. वेग किती? सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. पहिल्या खेपेला पाय दुखतील, दुसऱ्या खेपेला तेवढ्याच पायऱ्यांना निम्मेच दुखतील. स्नायूला उतरण एकदा कळली की तो ती काही आठवडे विसरत नाही. (नंतरची मिसळ जरूर खा, पण व्यायामाच्या खात्यात लिहू नका. सत्तर किलोच्या माणसाचे तासभर चालून अडीचशे-तीनशे कॅलरी जळतात. तर्री आणि दुसरा पाव त्यात वसूल होत नाहीत.)

अनवाणी जाणाऱ्यांबद्दल. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करणारे, नवरात्रात गडावरून ज्योत घेऊन धावत येणारे तरुण, यांतले अनेक जण अनवाणी असतात. तळव्याची कातडी जाड व्हायला आठवडे लागतात, तेव्हा आधीपासून रोज दहा-पंधरा मिनिटं माती-गवतावर अनवाणी चालावं. फोड आला तर वरची कातडी सोलू नका, ती सर्वांत चांगली पट्टी असते. मधुमेह असेल तर अनवाणी जाऊच नका. पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, मग काच लागलेली कळत नाही आणि आठवड्याने जखम दिसते. चपला घालून आलेल्याला देवीने माघारी पाठवल्याचं कोणी ऐकलेलं नाही.

उपवासाचंही असंच. एकादशीला स्नायू झिजत नाहीत, एका दिवसाने काही होत नाही. नऊ दिवसांचा मात्र हिशोब करावा लागतो, कारण साबुदाण्यात शंभर ग्रॅमला एक ग्रॅमही प्रथिनं नसतात. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. पासष्ट किलोच्या, नियमित व्यायाम करणाऱ्या माणसाला दिवसाला पाऊणशे ग्रॅमच्या घरात प्रथिनं लागतात. अर्धा लिटर दुधातून १६, वाटीभर दह्यातून ७, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांतून १२, पन्नास ग्रॅम राजगिऱ्यातून ७, शंभर ग्रॅम पनीरमधून १८, म्हणजे साठपर्यंत मजल जाते, आणि नऊ दिवसांना तेवढं पुरे. या काळात वजनं वाढवायची नाहीत, आहेत तीच दोन तृतीयांश संचांत उचलायची. निर्जळी उपवास असेल त्या दिवशी फक्त चालणं, तेही ऊन उतरल्यावर. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असलेल्यांनी उपवास आणि व्यायाम यांची सांगड डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नये. साखर अचानक उतरली की दरदरून घाम येतो, हात थरथरतात, आणि जवळ ग्लुकोज नसेल तर पंचाईत.

श्रद्धेने जिथे थांबलंच पाहिजे अशी एक जागा आहे. चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थांबूनही न थांबणारी धाप, डोळ्यांपुढे अंधारी. ‘देवीच्या दारात काही होत नाही’ म्हणत आणखी पन्नास पायऱ्या चढायच्या नाहीत. बसायचं, सोबतच्याला सांगायचं, खाली उतरून ईसीजी काढायचा. आदल्या रात्रीच्या वड्यांची ॲसिडिटी निघाली तर चांगलंच.

आणि जिमच्या आतली अंधश्रद्धा वेगळीच. पोटाला घाम आणणारा पट्टा, रोज दोनशे क्रंचेस मारून नेमकी पोटावरचीच चरबी उतरेल हा विश्वास, डब्यावर सिंह छापलेली पावडर. घामाने उतरतं ते पाणी, दोन ग्लास प्यायलं की परत. पोटावरची चरबी पोटाच्या व्यायामाने निवडून जळत नाही. ती सगळ्या अंगावरून आपल्या क्रमाने उतरते, आणि पुरुषांत पोटाचा नंबर बहुधा शेवटी लागतो. यावर जास्त लिहायची इच्छा नाही.

प्रेरणा कुठून आणायची, हा प्रश्न मात्र सगळ्यात जास्त विचारला जातो. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते ती जवळपास चार आठवडे चालून पंढरपूरला पोहोचते. त्यातले कित्येक साठीपुढचे. त्यांना रोज पहाटे प्रेरणा येत असेल असं वाटत नाही. काहींना पाय सुजल्यामुळे शिव्याही येत असतील. पण दिंडीत चालण्याची जागा ठरलेली असते. विण्यामागे अमुक ओळ, त्या ओळीत अमुक माणूस. तो नसला तर जागा रिकामी दिसते, आणि मागचा विचारतो, बाबा कुठे राहिले? गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पहाटे पाच जणांचं टोळकं वर्षानुवर्षं टिकतं आणि एकटा महागडं घड्याळ बांधून आलेला तीन आठवड्यांत दिसेनासा होतो, त्याचं कारण हेच असावं. चार माणसं जमवा. चौघांचा एकच ग्रुप, त्यात गुड मॉर्निंगची फुलं नकोत, फक्त वहीच्या पानाचा फोटो.

वहीत काय लिहायचं? तारीख, वेळ, जागा, काय केलं, रात्री झोप किती तास. वजन रोज लिहू नका. मीठ, पाणी, पोट साफ होणं यानेच ते दिवसात किलो-दोन किलो वर-खाली होतं आणि माणूस उगाच खचतो. आठवड्याच्या तीन सकाळींची सरासरी पुरते.

आश्विन शुद्ध नवमीला, खंडेनवमीला, अंबडच्या कारखान्यांत लेथची पूजा होते तशी जिममध्येही होते. बारबेलला हळद-कुंकू, मशीनवर झेंडू. पूजेआधी वर्षातून एकदा तरी सगळं पुसलं जातं, आणि खरी पूजा तीच म्हणायची. सुती फडकं केबलवरून हळूहळू ओढत न्यायचं. जिथे ते अडकतं तिथे तार विस्कटलेली असते, बहुधा टोकाच्या जोडापासून चार बोटांवर, जिथे ती कप्पीवर सगळ्यात जास्त वाकते. ती केबल त्याच दिवशी बदलायची. बेंचचे नटबोल्ट पान्याने आवळायचे, वजनाच्या पिना वाकल्यात का बघायच्या, ट्रेडमिलचा पट्टा उचलून खाली सिलिकॉनचे चार थेंब. हार रॅकच्या वरच्या आडव्या पट्टीला बांधायचा, बारला नाही; पाकळी पायाखाली आली की रबरावरूनही टाच घसरते.

दसऱ्याला जिम बंद. दुसऱ्या दिवशी एकादशी असते, म्हणजे पोटात भगर किंवा एखादं केळं, आणि वहीत ‘किमान नेम’. रॅकवरचा झेंडू तोवर सुकलेला नसतो. ओट्याच्या उंचीच्या बेंचवर हात टेकवून आठ जोर, दहा बैठका, दहा-दहा वेळा ओढणं, पुन्हा एकदा तेच. साडेनऊ मिनिटं झाली. तारीख, वेळ, जागा, झोप साडेसहा तास.